तोंडावरचा लाईट: एलईडी मास्कनं काय होतं आणि काय होत नाही

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखाण. बोलले तसंच ठेवलंय. अडखळणं आणि मध्येच आलेली दोन गिऱ्हाइकं तेवढी काढून टाकलीत.)

आज माझा आवाज जरा बसलेला वाटेल. उन्हाळ कांद्याची काढणी जोरात आहे, आमच्या विंचूरच्या उपबाजाराकडे दिवसभर ट्रॅक्टरांची रांग असते आणि ती सगळी धूळ आमच्या दुकानात येते. काउंटर तासातासाला पुसावं लागतं. असो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, मी फार्मासिस्ट आहे. विंचूरला आमचं मेडिकल आहे. डॉक्टर नाही मी, त्यामुळे आज जे बोलणार आहे ते औषधाच्या दुकानातल्या बाईचं बोलणं आहे, तपासणी नाही.

मागच्या महिन्यात एक बाई आली. खळ्यावर कांदा निवडायला जाते. दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला थांबली. गिऱ्हाईक असं थांबलं की मला कळतं, काहीतरी नाजूक विचारायचंय. मग पुढे आली, मोबाईल काढला आणि म्हणाली, "ताई, हे तोंडाला लाईट लावायचं आलंय का तुमच्याकडं?" मोबाईलवर जाहिरात होती. एका मुलीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा, आतून लालभडक उजेड. किंमत चार हजारांच्या आत. मी म्हटलं, कशासाठी हवाय? तिनं तोंडाचा स्कार्फ सोडला. दोन्ही गालफडांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग. वांग. "धाकट्याच्या वेळेपासून हाये. आता जास्तीच काळं पडू ऱ्हायलं."

मी तिला सांगितलं, घेऊ नको. ती म्हणाली, का? आणि मला दोन वाक्यांत सांगता येईना. दुकानात रांग लागली, ती "बरं बघते" म्हणून गेली.

हा भाग त्या "का?"साठी आहे. आणि खरं सांगायचं तर आणखी एका कारणासाठी. वर्षापूर्वी हाच प्रश्न माझ्या धाकट्या जावेनं मला विचारला होता, आणि तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "घे की, लाईटनं काय होतंय?" त्यावर येतेच.

आधी एक गोष्ट साफ करू. उजेडानं उपचार म्हणजे थोतांड, असं मी म्हणणार नाही. कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तो उपचार डोळ्यांनी बघितलाय. बाळाला जन्मल्यावर कावीळ झाली की दवाखान्यात त्याला निळ्या लाईटखाली ठेवतात, डोळ्यांवर पट्टी बांधून. आजी बाहेर काळजीत बसलेली असते, "उघडं ठेवलंय हो लेकरू". ती निळी लाईट म्हणजे औषधच आहे. १९५६ मध्ये इंग्लंडात एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात एका सिस्टरच्या हे लक्षात आलं. ती बाळांना बाहेर उन्हात नेऊन बसायची. एका बाळाची पिवळी झाक गेली, फक्त जिथे चादरीचा कोपरा अंगावर पडलेला होता तेवढा तुकडा पिवळा राहिला. तिथून दोन वर्षांत तिथल्या डॉक्टरांनी त्याचे दिवे बनवले आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज तालुक्याच्या दवाखान्यात ती पेटी असते.

त्याच्याही आधी, डेन्मार्कमध्ये नील्स फिन्सेन नावाचे डॉक्टर होते. चामडीचा टीबी, ज्यात चेहरा खाल्ल्यासारखा होतो, तो त्यांनी मोठ्या कार्बन दिव्यांच्या उजेडानं बरा केला. १९०३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आणि हंगेरीत एन्द्रे मेस्टर म्हणून एक सर्जन होते. १९६७ मध्ये ते उंदरांवर लेझरचा प्रयोग करत होते. लेझर कमजोर निघाला, पण उंदरांचे भादरलेले केस त्या जागी लवकर उगवले. कमी ताकदीच्या लाल उजेडाचा पेशींवर परिणाम होतो ही कल्पना तिथून निघाली. आजचा लाल मास्क त्याच खानदानातला.

म्हणजे उजेड खरा आहे. भानगड पुढे आहे. कोणता उजेड, किती, कशासाठी आणि कुणाच्या कातडीवर? जाहिरात या चारही प्रश्नांना एकच उत्तर देते, "ग्लो".

मास्कमध्ये असतं काय? बारके एलईडी दिवे, शेकड्यानं. प्रत्येक रंगाच्या उजेडाला एक आकडा असतो, नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपण त्याला रंगाचा पत्ता म्हणू. निळा साधारण ४१५ च्या आसपास, लाल ६३० ते ६६०, आणि तिसरा डोळ्यांना न दिसणारा, ८३०-८५० चा, त्याला निअर इन्फ्रारेड म्हणतात. अभ्यास मुख्यतः या तिघांवर झालेत. बाकी ते "सात रंगांचा मास्क, हिरवा शांततेसाठी, जांभळा तारुण्यासाठी" हे मला गणपतीच्या डेकोरेशनच्या माळेसारखं वाटतं. एक दिवा, सात बटणं आणि किंमत जास्त.

आता मुरमं. म्हणजे तारुण्यपीटिका, पिंपल्स. इथे मास्कच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, म्हणून आधी हे.

मुरमात जे जंतू वाढतात ते स्वतःच पोर्फिरिन नावाचा एक पदार्थ बनवतात. हा पदार्थ ४१५ च्या निळ्या उजेडाला चटकन पकडतो. उजेड पडला की त्यातून ऑक्सिजनचे असे उपद्रवी कण तयार होतात की जंतू आतूनच मरतो. त्याच्या घरातल्या दारूगोळ्याला बाहेरून काडी लावायची, असं समजा. गंमत म्हणजे फिन्सेनच्या दिव्यानं टीबीचे जंतू कसे मेले असतील याचा शोध शंभर वर्षांनी घेतला तेव्हा तिथेही पोर्फिरिनच निघालं.

२००० साली इंग्लंडात १०७ मुरमांच्या पेशंटवर एक अभ्यास झाला. काहींना नुसता निळा, काहींना निळा-लाल एकत्र, काहींना साधा पांढरा उजेड आणि काहींना बेंझॉइल पेरॉक्साइडचं ५ टक्के क्रीम. उजेड रोज १५ मिनिटं, १२ आठवडे. निळा-लाल एकत्र घेणाऱ्यांची लाल सुजलेली मुरमं ७६ टक्क्यांनी सुधारली, क्रीमवाल्यांपेक्षा जास्त. मग २०१३ मध्ये कोरियात घरगुती यंत्रावर अभ्यास झाला, ३५ जणांवर. निळा आणि लाल, दिवसातून दोनदा, एका वेळी अडीच मिनिटं, चार आठवडे. बाराव्या आठवड्यात सुजलेली मुरमं ७७ टक्क्यांनी कमी.

आकडे ऐकून लगेच ऑर्डर करू नका. ३५ माणसं म्हणजे आमच्या दुकानात सकाळच्या दोन तासांत येणारी गर्दी. २०१६ मध्ये कोक्रेन या संस्थेनं, जी असे सगळे अभ्यास एकत्र करून चाळते, मुरमांवरच्या प्रकाशोपचाराचे ७१ अभ्यास बघितले, ४,२११ लोकांचे. निष्कर्ष असा की भरवशाचा पुरावा अजून पुरेसा नाही. अभ्यास छोटे, यंत्रं वेगवेगळी, आणि बऱ्याच ठिकाणी तुलनाच धड नाही.

मग मी गिऱ्हाइकाला काय सांगते? लाल, सुजलेली, हलकी ते मध्यम मुरमं असतील, औषधानं कातडी फार कोरडी पडत असेल, हाताशी पैसा असेल, आणि मुख्य म्हणजे रोज नेमानं करायची सवय असेल, तर निळ्या-लाल मास्कचा थोडा उपयोग होऊ शकतो. काळ्या-पांढऱ्या बारीक पुटकुळ्यांवर कमी. खोल गाठी, खड्डे पडणारी मुरमं यांच्यासाठी मास्क घेऊन वेळ घालवू नका, तोवर खड्डा पडून जातो आणि तो मग आयुष्यभर राहतो. तिथे चामडीचे डॉक्टरच.

सुरकुत्यांचं थोडक्यात उरकते. लाल आणि निअर इन्फ्रारेड उजेड पेशींच्या आतल्या वीजघरापर्यंत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचून कोलॅजन वाढवतो अशी मांडणी आहे. २००७ मध्ये कोरियात ७६ जणांच्या अर्ध्या चेहऱ्यावर उजेड आणि अर्ध्यावर नाही असा चांगला अभ्यास झाला, आणि सुरकुत्यांत फरक मोजता आला. २०१४ मध्ये जर्मनीत १३६ जणांवर झाला, तिथेही कातडीचा खरखरीतपणा कमी झाला. पण ही दवाखान्यातली किंवा मोठी यंत्रं होती. चार हजारांच्या मास्कमधून तेवढाच उजेड बाहेर पडतो का, हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं. आणि फरक म्हणजे डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषांमधला. सासूबाई सूनबाई दिसायला लागत नाहीत.

आता वांग. माझ्या दुकानात तोंडाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या दहा बायकांतल्या निदान सहाजणींचं हेच असतं. गरोदरपणात किंवा गोळ्या चालू असताना सुरू होतं, घरात आईला असतं, आणि मग ऊन त्याला खतपाणी घालतं. निफाड तालुक्यात ऊन कुणाला चुकलंय? द्राक्षाची छाटणी, कांद्याची लागण, काढणी, खळं. बारा महिने बाई उन्हातच.

जावेला दुसऱ्या बाळंतपणानंतर आलं. ती बचत गटात आहे. गटातून मिळालेल्या पैशांतून स्वतःसाठी म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा काही घ्यायचं ठरवलं, आणि मला विचारलं, "ताई, घेऊ का?" मी तेव्हा दुकानाचे एक्स्पायरीचे डबे वेगळे करत होते. मान वर न करताच म्हटलं, घे की.

मास्क आला. सात रंगांचा. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं, "निळा: डाग व मुरमांसाठी." डाग म्हटल्यावर तिनं निळा लावला. रोज रात्री, मुलं झोपल्यावर, वीस मिनिटं. तिचा हिशोब साधा होता, जास्त लावलं तर लवकर जाईल. सहा आठवड्यांनी एका लग्नात तिच्या मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, तोंडाला काय झालं तुझ्या?"

त्या रात्री मी बसून वाचायला लागले. आधी वाचायला हवं होतं.

काय सापडलं ते सांगते. आपण वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला सांगतो की डाग पडतात ते अल्ट्राव्हायोलेट किरणांनी. ते बरोबर आहे, पण अर्धंच. २०१० मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलातल्या लोकांनी माणसांच्या पाठीवर नुसता दिसणारा उजेड टाकून पाहिला, अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ काढून. गोऱ्या कातडीवर काही झालं नाही. आपल्यासारख्या सावळ्या आणि काळ्या कातडीवर काळे ठसे उमटले, आणि ते टिकले. मग २०१४ मध्ये फ्रान्समध्ये रंग वेगळे करून बघितलं, एक ४१५ चा निळा, एक ६३० चा लाल. लालनं काही झालं नाही. निळ्यानं गहू-सावळ्या कातडीवर ठळक डाग पडले आणि ते तीन महिन्यांपर्यंत दिसत राहिले. २०१८ मध्ये त्याच गटानं कारणही शोधलं. रंग बनवणाऱ्या पेशींवर ऑप्सिन-३ नावाचा एक ग्राहक असतो, तो निळा उजेड ओळखतो आणि आतल्या कारखान्याला सांगतो, रंग वाढवा. डोळ्यांत जसे उजेड ओळखणारे रेणू असतात, त्यांचाच हा भाऊबंद.

४१५. मुरमाचा जंतू मारणारा पत्ता आणि सावळ्या कातडीवर डाग पाडणारा पत्ता, एकच. आकडा वाचला आणि मी फोन बाजूला ठेवला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या प्रयोगांत उजेडाची मात्रा मोठी होती, घरच्या मास्कपेक्षा. आणि ते सहा आठवडे म्हणजे नेमके चैत्र-वैशाख, जाऊ दिवसा काढणीला जात होती. नाशिकला चामडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणता रंग लावत होता?" निळा म्हटल्यावर त्यांनी नुसतं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, यातलं उन्हाचं किती आणि लाईटचं किती हे वेगळं करता येणार नाही, पण वांग असलेल्या बाईला मी निळा दिवा कधीच देणार नाही. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती. जिन्यावरून खाली उतरताना म्हणाली, "तुम्ही म्हणाल्या म्हणून घेतला." रागानं नाही म्हणाली. त्याचंच जास्त लागलं.

म्हणून त्या चिठ्ठीतल्या "डाग" या शब्दावर माझा राग आहे. मुरूम जाऊन राहिलेला डाग वेगळा, वांग वेगळं, उन्हाचे ठिपके वेगळे, कोड तर अगदीच उलट, तिथे रंग जातो. मराठीत आपण सगळ्याला डाग म्हणतो आणि विकणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. कोडासाठीही उजेडाचा उपचार आहे बरं का, पण तो ३११ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट-बी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून. या मास्कमध्ये तो नसतो. मास्कनं कोड जाईल असं कुणी सांगत असेल तर सरळ उठून या.

एक श्रोते नेहमी विचारतात म्हणून मध्येच सांगते, मोबाईलच्या उजेडानं वांग वाढतं का? २०२० मध्ये फ्रान्समध्ये वांग असलेल्या बायकांना जोरदार उजेडाच्या पडद्यासमोर बसवून पाहिलं, वाढलं नाही. पडद्याचा उजेड फार कमी असतो. मोबाईल कमी वापरायला दुसरी कारणं आहेत.

मात्रेबद्दल थोडं बोलू, कारण जावेचा "जास्त लावलं तर लवकर जाईल" हा हिशोब आपल्या सगळ्यांचाच असतो. आमच्याकडचे द्राक्षवाले हे मात्र अजिबात करणार नाहीत. घड बुडवायला जीए, म्हणजे जिब्रेलिक ॲसिड वापरतात ना, तेव्हा पीपीएम किती, घड कोणत्या अवस्थेत, पाण्याचा सामू किती, सगळं मोजून. कमी पडलं तर मणी फुगत नाही, जास्त झालं तर घडाचा देठ कडक होतो आणि मणी गळतात. उजेडाचं तसंच आहे. अभ्यासांत दिसतं की थोड्या मात्रेनं पेशी हुशार होते आणि जास्त मात्रेनं उलट मंदावते.

ही मात्रा मोजतात कशी? दिव्याची ताकद गुणिले वेळ. समजा मास्क प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ३० मिलिवॉट उजेड टाकतो आणि तुम्ही तो १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद लावला, तर १८ ज्यूल झाले. ताकद ५ मिलिवॉट असेल तर तेवढ्याच वेळात ३ ज्यूल. सहापट फरक, आणि बाहेरून दोन्ही मास्क सारखेच लालभडक दिसतात. म्हणून बॉक्सवर दोन गोष्टी शोधा: नॅनोमीटर, आणि चौरस सेंटीमीटरला मिलिवॉट. आमच्या दुकानात औषध कंपनीचा माणूस सिरप घेऊन आला आणि त्यावर पाच मिलीमध्ये किती मिलिग्रॅम हेच लिहिलेलं नसेल तर मी ते शेल्फवर ठेवेन का? मग चार हजारांचा मास्क कसा घ्यायचा? "१५० पॉवरफुल एलईडी" हा आकडा नव्हे. घरात १५० मुंग्या आहेत म्हणून ट्रॅक्टर ओढला जात नाही.

आणि ते "एफडीए क्लिअर्ड" लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थही नीट समजून घ्या. अमेरिकेत अशा यंत्रांना बहुतेक वेळा मंजुरी मिळते ती आधीपासून बाजारात असलेल्या तशाच यंत्रासारखं आहे या आधारावर. नव्या औषधाला जसे मोठे अभ्यास करून दाखवावे लागतात तसं ते नसतं. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत, पण ऑनलाइन मिळणारे बरेच मास्क "ब्यूटी" या शब्दाखाली विकले जातात. ब्यूटी म्हटलं की मग कुणी आकडे विचारत नाही.

डोळ्यांचं विसरू नका. नवजात बाळाच्या डोळ्यांवरही पट्टी बांधतात, तर आपण कोण? २०१९ मध्ये न्यूट्रोजिनानं स्वतःचा मुरमांचा लाईट मास्क बाजारातून परत घेतला होता. स्वस्त होता, खूप खपलेला होता. कारण असं दिलं की ज्यांना डोळ्यांच्या पडद्याचे काही विशिष्ट आजार आहेत किंवा जे उजेडाची संवेदना वाढवणारी औषधं घेतात, अशा थोड्या लोकांच्या डोळ्यांना धोका होऊ शकतो. तेव्हा मास्कला डोळ्यांपाशी झाकण नसेल तर वेगळा गॉगल हवाच, नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड जातो.

आणि औषधं. हे माझं खातं. मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिन चालू आहे? आयसोट्रेटिनॉइन चालू आहे? संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन? ल्युपस आहे? मिरगी आहे, ज्यात लुकलुकत्या उजेडानं झटका येतो? मास्क लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि ऑनलाइन मागवताना तुम्हाला हे कुणीच विचारत नाही, तेवढंच आम्ही दुकानदार अजून उपयोगाचे.

आता शेवटचं. मागच्या आठवड्यात ती खळ्यावरची बाई पुन्हा आली. डोकेदुखीची गोळी घ्यायला. मी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. मास्क नको. तुझ्या चार हजारांतून काय काय होतं ते ऐक. एक, नाशिकला किंवा जवळ कुठे चामडीच्या डॉक्टरांना एकदा दाखव. दोन, रंग असलेलं सनस्क्रीन, कातडीच्या रंगाचं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. साधं पांढरं सनस्क्रीन अल्ट्राव्हायोलेट अडवतं, दिसणारा निळा उजेड बराचसा जाऊ देतं. आयर्न ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी गेरूच की, तो अडवतो. मेक्सिकोत २०१४ मध्ये वांगाच्या ६८ पेशंटवर बघितलं, औषध दोघांनाही तेच, पण रंगीत सनस्क्रीनवाल्यांचं वांग जास्त उतरलं.

ती म्हणाली, "ताई, खळ्यावर घामानं क्रीम ऱ्हातंय व्हय?" बरोबर आहे तिचं. राहत नाही. दुपारी बारा ते तीनमध्ये ते पुसूनच जातं. मग मी तिच्या स्कार्फकडे बघितलं. पातळ, जाळीदार, उजेडात धरला तर पलीकडचं दिसत होतं. तिला म्हटलं, गडद रंगाचा, घट्ट विणीचा सुती कपडा घे, दुहेरी बांध, वर टोपी. सकाळी निघताना क्रीम लाव आणि जेवणाच्या सुट्टीत तोंड धुऊन पुन्हा लाव, बाकी दिवसभर काम कपड्याचं.

तिनं मग पिशवीतून एक ट्यूब काढून दाखवली. शेजारणीनं दिलेली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, तिन्ही एकत्र. गोरं करणारी क्रीम म्हणून खेड्यापाड्यात फिरते ती हीच. डॉक्टरांनी ठराविक आठवड्यांसाठी दिली तर ती औषध आहे. वर्षभर लावली तर कातडी पातळ, लाल, केस उगवतात, आणि बंद केली की वांग दुप्पट वर येतं. २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टेरॉइड क्रीमना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही. चामडीच्या डॉक्टरांच्या संघटनेनं त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. तरी ती शेजारणीकडे येतेच. किती दिवस लावतेस विचारलं तर म्हणाली, दिवाळीपासून. आता मला सांगा, मास्कपेक्षा ही ट्यूब मोठी गोष्ट होती, आणि मी पहिल्या भेटीत ते विचारलंच नव्हतं. एकदम बंद करू नको, डॉक्टरांना ट्यूबसकट दाखव, असं सांगून तिला नाव-पत्ता लिहून दिला.

जावेचं म्हणाल तर कपडा, रंगीत सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, आठ-नऊ महिन्यांत बरंच उतरलं. पूर्ण गेलेलं नाही. वांग पूर्ण जाईल असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. मास्क आता पुतण्याकडे आहे. अकरावीला आहे तो, मुरमं आहेत, वांग नाही, गोळ्या कुठल्या चालू नाहीत. मी त्याला गॉगल आणून दिला आणि सांगितलं, दहा मिनिटं, एक दिवसाआड, आणि महिन्याला फोटो काढायचा. तेरा दिवस लावला त्यानं. मग यात्रा आली, मग परीक्षा. परवा कपाट आवरताना मास्क सापडला, त्यात त्यानं क्रिकेटचे बॉल ठेवलेत.

चला, कांद्याचा ट्रॅक्टर दारातच थांबलाय, हॉर्न ऐकू येतोय का तुम्हाला? घरात अशी कुठली क्रीमची ट्यूब पडून असेल तर मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचून ठेवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. येते.